वाचकांचे प्रश्न : अंगठा, युरिक अ‍ॅसिड आणि बंद केलेली तुरीची डाळ

मागच्या अंकात सांधेदुखीवर लिहिताना गाउटबद्दल, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साठून येणाऱ्या दुखण्याबद्दल, जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, आणि पत्रं आली ती जवळजवळ सगळी त्या चार ओळींवरच. कुणी रिपोर्ट जोडलेत, कुणी सुजलेल्या पायाचे फोटो, एका आजोबांनी तर दहा वर्षांचे युरिक अ‍ॅसिडचे आकडे वहीच्या पानावर तारखेवार उतरवून पाठवलेत. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय. आणि एक आधीच सांगते, पत्र वाचून मी निदान करू शकत नाही, दिशा दाखवू शकते, तपासायला तुमच्या डॉक्टरांकडेच जायचंय.

वय ३८, बँकेत नोकरी. लग्नाहून परत आलो, रात्री झोपलो तेव्हा ठणठणीत होतो. पहाटे तीनला डाव्या पायाचा अंगठा असा ठणकायला लागला की उठून बसलो. सकाळपर्यंत लालभडक, चादर लागली तरी जीव जायचा. एक्स-रे नॉर्मल, युरिक अ‍ॅसिड ५.९, म्हणून सांगितलं की गाउट नाही, मुरगळला असेल. आठवड्यात आपोआप बरं झालं. मग हे नक्की होतं काय? (एक वाचक, कोल्हापूर)

तुम्ही जे लिहिलंय ना, ते शिकाऊ डॉक्टरांना वाचून दाखवावं इतकं नमुनेदार आहे. रात्री किंवा पहाटे सुरुवात, एकच सांधा, बारा ते चोवीस तासांत दुखणं अगदी टोकाला जाणं, लाली, चकाकणारी ताणलेली कातडी, चादरीचा स्पर्शही नको, आणि मग आठवडा-पंधरा दिवसांत काहीच झालं नव्हतं असं साफ बरं होणं. मुरगळलेला पाय असा वागत नाही, मुरगळलेला पाय मुरगळल्याची वेळ सांगतो आणि हळूहळू उतरतो. अजून एक आठवून बघा, सूज उतरल्यावर अंगठ्याच्या वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघाली का? पुष्कळांची निघते, आणि पेशंट हे आपणहून सांगत नाहीत कारण त्यांना ते महत्त्वाचं वाटत नाही, पण मी हमखास विचारते.

आता ५.९ चं. अ‍ॅटॅक चालू असताना युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकतं, कधी कधी नेहमीपेक्षा खालीही उतरतं, त्यामुळे त्या दिवशीच्या आकड्यावरून 'गाउट नाही' म्हणता येत नाही. बरं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत करा. एक्स-रेचंही तसंच, पहिल्या अ‍ॅटॅकमध्ये तो सूज सोडून काही दाखवत नाही, हाड कुरतडल्यासारखे खड्डे दिसायला वर्षं जातात.

पक्की खात्री हवी असेल तर सांध्यातलं पाणी सुईने काढून मायक्रोस्कोपखाली बघायचं. अंगठ्यातून एखादाच थेंब येतो पण तेवढा पुरतो. पोलराइज्ड लाइटमध्ये ते स्फटिक दिसतात, सुईसारखे बारीक, टोकदार, काळ्या पार्श्वभूमीवर लखलखणारे, आणि काही तर पांढऱ्या पेशीच्या आरपार घुसलेले असतात. एकदा एका पेशंटला मी बोलावून ते दाखवलं, गृहस्थ बराच वेळ डोळा लावून बसले, मग म्हणाले, "मॅडम, ह्या सुया माझ्या अंगठ्यात होत्या?" होत्या. १९६१ मध्ये मॅकार्टी आणि हॉलंडर या अमेरिकन डॉक्टरांनी सांध्याच्या पाण्यात हे स्फटिक असे ओळखले आणि आजही निदानाची सगळ्यात खात्रीची पद्धत हीच आहे. दुर्दैवाने आपल्याकडे ही तपासणी फार कमी ठिकाणी होते, रक्ताचा रिपोर्ट मात्र गल्लोगल्ली होतो, आणि खालच्या निम्म्या पत्रांचं मूळ तिथेच आहे.

पहिला अ‍ॅटॅक साधारण निम्म्या लोकांना अंगठ्याच्या मुळाशी येतो, बाकीच्यांना घोटा, पावलाचा मधला भाग, गुडघा. पाय हा शरीराचा थंड भाग आणि थंडीत हे स्फटिक लवकर धरतात, म्हणून पायापासून सुरुवात. लग्नाचं जेवण, बिअर, रात्रीचा प्रवास, पाणी कमी, हे सगळं ठिणगीचं काम करतं, पण दारूगोळा आधीपासून साठलेला असतो. एकाच अ‍ॅटॅकवर युरिक अ‍ॅसिड उतरवणारी रोजची गोळी बहुतेकदा सुरू करत नाहीत, पण वर्षात दोन झाले, किंवा मुतखडा आहे, किडनी कमजोर आहे, आकडा ९ च्या वर आहे, तर करतात. आणि सांधा लाल होऊन थंडी-ताप भरला तर घरी थांबू नका, सांध्यात पू झाला तरी तो असाच दिसतो आणि तो सांधा दोन दिवसांत वाया जातो.

वय ४४, गृहिणी. दोन्ही गुडघे, टाचा, कंबर दुखते, सकाळी उठल्यावर जास्त. फुल बॉडी चेकअपमध्ये युरिक अ‍ॅसिड ६.४, लाल अक्षरात. तेव्हापासून आठ महिने तुरीची डाळ, राजमा, पालक, टोमॅटो, वांगी, दही सगळं बंद, गोळीपण चालू. वजन चार किलो उतरलं, केस गळायला लागले, दुखणं तसंच. अजून काय सोडू? (नाशिक)

ताई, काही सोडू नका, उलट जे सोडलंय ते परत ताटात आणा. तुमच्या पत्रात अ‍ॅटॅक कुठेच नाही. कुठलाही एक सांधा अचानक सुजून लाल झाला आणि मग पूर्ण बरा झाला असं तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही. रोज थोडं थोडं, दोन्ही बाजूंनी, वर्षानुवर्षं दुखणारे गुडघे आणि टाचा म्हणजे गाउट नव्हे. पाळी चालू असलेल्या बाईला गाउट होणं तसंही फार दुर्मिळ, कारण इस्ट्रोजेन किडनीमार्फत युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकायला मदत करतं. तुमच्या गुडघ्यांची झीज आहे का, थायरॉइड, व्हिटॅमिन डी, हिमोग्लोबिन कसं आहे, सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो, बोटं सुजतात का हे कुणीतरी बघायला हवं, आणि त्या लाल अक्षरांपायी ते कुणी बघितलंच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. सकाळचा आखडलेपणा तासभर राहत असेल तर आमवाताच्या तपासण्या करून घ्याच.

वाढलेलं युरिक अ‍ॅसिड म्हणजे गाउट नाही. रक्तात ६.८ च्या वर गेलं की ते विरघळून राहायला कमी पडतं आणि स्फटिक धरू शकतात, धरतीलच असं नाही. ज्यांचा आकडा ९ च्याही वर आहे त्यांच्यातसुद्धा पाच वर्षांत फक्त २० टक्क्यांना गाउट झाला, म्हणून नुसत्या आकड्यावर, काहीच त्रास नसताना, गोळी देऊ नये असं अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने २०२० च्या मार्गदर्शनात सांगितलंय. तुमचा तर ६.४. गोळी बंद करायची का ते डॉक्टरांना विचारून ठरवा, मात्र हे वाक्य त्यांना जरूर दाखवा.

आपल्याकडे खरा गाउट किती, याची गोष्ट फार लांबची नाही, पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणची आहे. उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो बघायला जाता ना, तेच. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या टीमने तिथे घरोघर जाऊन हाडा-सांध्यांच्या दुखण्याचा सर्व्हे केला, कॉपकॉर्ड नावाच्या पद्धतीने, जी जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने तयार झालेली आहे. चार हजारांवर मोठी माणसं विचारली, त्यातल्या साधारण १८ टक्क्यांना काही ना काही दुखत होतं, म्हणजे दर पाच-सहा माणसांत एक. पण गाउट किती निघाला? हजारात एकाच्या आसपास. बाकीचं दुखणं हे कष्टाचं, झिजेचं, स्नायूंचं, काही आमवाताचं. आता त्याला तीस वर्षं होत आली, शुगर-बीपी-वजन वाढलंय, शहरात आम्हाला गाउट नक्कीच जास्त दिसतो आणि तिशीतल्या मुलांनाही दिसतो, पण तरी ज्या घरात आई, मावशी, काकू अशा तिघींना 'युरिक अ‍ॅसिडचा त्रास' आहे तिथे बहुधा तिघींनाही दुसरंच काहीतरी असतं.

आणि डाळ. २००४ मध्ये अमेरिकेतल्या ४७ हजार पुरुषांचा बारा वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास छापून आला, त्यात मटण-मासे जास्त खाणाऱ्यांना गाउट जास्त झाला, पण डाळी, मटार, पालक, मश्रूम यातलं प्युरिन (ज्यातून शरीरात युरिक अ‍ॅसिड बनतं) जास्त असूनही त्याने धोका वाढला नाही. दूध-दह्याने तर कमी झाला, विशेषतः कमी स्निग्धांशाच्या. म्हणजे तुम्ही आठ महिने सोडलेलं दही हे औषधाच्या बाजूचं होतं. वरण-भात हा ज्यांच्या घरातला प्रोटीनचा मुख्य आधार आहे त्यांना 'डाळ बंद' सांगणं हा मला अन्याय वाटतो.

वडील ६२, मासे सोडवत नाहीत. पूर्ण बंद करावे लागतील का? कुणी पायाचं सूप द्यायला सांगितलंय, सांध्यांना चांगलं म्हणून. (रत्नागिरी)

पाया सूप नको, कलेजी-भेजा नको, अ‍ॅटॅक येतात म्हणून सांधे मजबूत करायला हेच पाजलं जातं हे मी खूप बघते. तारली, बांगडा, मांदेली आणि सुकट रोज नको, आठवड्यात एक-दोनदा साधा तुकडा चालेल. पण त्याहून जास्त लक्ष बिअरकडे आणि कोल्ड्रिंककडे द्या. दारूत बिअर सगळ्यात वाईट, आणि साखरेच्या थंड पेयांतलं फ्रुक्टोज यकृतात युरिक अ‍ॅसिड वाढवतं हे बहुतेकांना माहीतच नसतं, मासा सोडतात आणि दोन लिटरची बाटली फ्रिजमध्ये तशीच.

फक्त एक अपेक्षा नीट ठेवा. शरीरातलं दोन तृतीयांश युरिक अ‍ॅसिड आपल्या स्वतःच्या पेशींतून येतं, जेवणातून एक तृतीयांश, त्यामुळे अगदी कडक पथ्य पाळलं तरी आकडा साधारण १ ने उतरतो. ९ चे ८ होतील, ६ नाही होणार. वडिलांना 'तुम्ही खाता म्हणून होतं' असं रोज ऐकवू नका, त्यांच्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही म्हणून होतं, ९० टक्के पेशंटमध्ये दोष तिथे आहे.

आई ७१. बीपीची गोळी बारा वर्षं. हाताच्या बोटांची शेवटची पेरं आधीपासून गाठाळ आहेत, पण गेल्या वर्षभरात त्यातलीच दोन मधूनमधून लाल होऊन सुजतात, एकातून पांढरं काहीतरी दिसतं. वय झालं म्हणून सोडून देतात सगळे. बायकांना गाउट होत नाही ना? (लातूर)

पाळी गेल्यावर होतो. आणि म्हाताऱ्या बायकांमध्ये तो पुरुषांसारखा अंगठ्यावर धाड घालत येत नाही, आधीच झिजलेल्या बोटांच्या पेरांवर येऊन बसतो, हळू हळू, कमी गाजावाजा करत, त्यामुळे 'म्हातारपणाची गाठ' म्हणून निघून जातो. आईच्या बीपीच्या गोळीचं पाकीट बघा, त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असं काही लिहिलंय का. लघवीवाटे पाणी काढणाऱ्या या गोळ्या युरिक अ‍ॅसिड अडवून ठेवतात. स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारा की बदलता येईल का, लोसार्टन हे बीपीचं औषध उलट थोडं युरिक अ‍ॅसिड उतरवतं. शुगर असेल तर डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्याही उतरवतात. हृदयासाठी लहान अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर तीही थोडं वाढवते, पण ती गाउटसाठी कधीच सोडायची नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या, त्याशिवाय पेनकिलर देऊ नका.

भाऊ ४६, ट्रक चालवतो. कोपरावर लिंबाएवढी गाठ, कानाच्या पाळीवर बारीक पांढरे दाणे. कोपराची फुटली, पांढरं टूथपेस्टसारखं आलं, पू म्हणून अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, जखम भरत नाही. तालुक्याच्या गावात एक जण पुड्या देतो त्याने दुखणं एका दिवसात थांबतं, तोंड मात्र सुजलंय. (चंद्रपूर)

तो पू नाही, ते साठलेलं युरिक अ‍ॅसिडच आहे. खडूच्या ओल्या चुऱ्यासारखं, बोटात चोळलं तर कचकच लागतं. कान, कोपर, टाचेच्या वरची शीर, बोटं या त्याच्या ठरलेल्या जागा. अशा गाठी यायला उपचाराशिवाय साधारण दहा वर्षं जातात, म्हणजे भाऊ दहा वर्षं दुखणं मारत गाडी चालवतोय. पुष्कळ वर्षांपूर्वी, १६७९ मध्ये, लेव्हेनहूकने आपल्या साध्या भिंगाखाली असलाच चुरा ठेवून त्यात सुया बघितल्या होत्या, तेव्हा ते काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. आज माहीत आहे आणि तरी अँटिबायोटिक चालू आहे. जखमेत वरून जंतू गेले असतील तर त्यांचीही गरज पडते, पण मूळ काढल्याशिवाय ती भरणार नाही.

पुड्यांचं नीट ऐका. एका दिवसात थांबतं आणि तोंड गोल होतं म्हणजे त्यात स्टिरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. बहुतेकदा सोबत पेनकिलरही असते. स्टिरॉइड वाईट औषध नाही, अ‍ॅटॅकमध्ये पाच-सात दिवस आम्हीही देतो, पण महिनोन्‌महिने मोजमाप न करता खाल्लं तर शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, जखमा भरत नाहीत. आणि आता घाबरून एकदम बंदही करू नका, शरीराची स्वतःचं स्टिरॉइड बनवणारी ग्रंथी झोपलेली असते, एकदम बंद केल्याने चक्कर येऊन माणूस कोसळतो. ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (सांध्यांच्या आजारांचे तज्ज्ञ) किंवा मेडिकल कॉलेजच्या मेडिसिन ओपीडीत न्या, पुडी सोबत न्या, शुगर आणि किडनी बघून हळूहळू कमी करतील. भावाला उन्हात दिवसभर पाण्याविना गाडी चालवावी लागते, चंद्रपूरचा मे महिना मला वेगळा सांगायला नको, पाण्याची बाटली सीटशेजारी हवीच. बरोबर उपचारात आकडा ५ च्या खाली ठेवला तर ह्या गाठी महिन्या-वर्षांत विरघळतात, ऑपरेशन क्वचितच लागतं. कानाचे दाणे नाहीसे झालेले मी स्वतः बघितलेत.

नवऱ्याला वर्षात चार अ‍ॅटॅक. युरिक अ‍ॅसिड उतरवणारी अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केली आणि तिसऱ्या आठवड्यात असा अ‍ॅटॅक आला की आधीचे बरे. गोळी मानवत नाही म्हणून बंद केली. दुसऱ्या डॉक्टरांनी त्याच कामाची फेबुक्सोस्टॅट दिली, सहा महिने बरं होतं, मग आकडा ५.४ आला म्हणून थांबवली, दीड वर्षाने परत सुरू. हे आयुष्यभर असंच का? (ठाणे)

या पत्राचं उत्तर मला सगळ्यात सविस्तर द्यायचंय, कारण नव्वद टक्के गाउट इथेच बिघडतो.

गोळी सुरू केल्यावर आलेला अ‍ॅटॅक म्हणजे गोळी मानवली नाही असं नाही, गोळी लागू पडली असं आहे. वर्षानुवर्षं सांध्याच्या आतल्या अस्तरावर स्फटिकांचा थर बसलेला असतो, भिंतीला बसलेल्या पोपड्यांसारखा. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड उतरायला लागलं की तो थर विरघळायला लागतो, त्यातले तुकडे सुटून सांध्यात पडतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. म्हणून दोन गोष्टी करतात. एक, गोळी थोडीपासून सुरू करायची, अ‍ॅलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅम किंवा किडनी कमजोर असेल तर ५०, आणि दर काही आठवड्यांनी आकडा बघून वाढवायची. एकदम ३०० नाही. दोन, पहिले तीन ते सहा महिने सोबत छोट्या डोसमध्ये कोल्चिसिन हे अ‍ॅटॅक रोखणारं औषध, म्हणजे तुकडे सुटले तरी भडका उडत नाही. हे दुसरं जर तुमच्या चिठ्ठीवर नव्हतं तर तो अ‍ॅटॅक टाळता आला असता. आणि हे कुणीतरी आधी सांगितलं असतं की 'पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत एखादा झटका येईल, गोळी सोडू नका', तर तुमची दोन वर्षं वाचली असती. अ‍ॅटॅक आला तरी रोजची गोळी चालूच ठेवायची, वरून अ‍ॅटॅकचं औषध घ्यायचं.

आता ५.४ आलं म्हणून थांबवली हे. ५.४ हे गोळीमुळे आलंय ना. बीपी १३० आलं म्हणून बीपीची गोळी थांबवत नाही. ६ च्या खाली ठेवायचं हे ध्येय अशासाठी की ६.८ च्या खाली असेल तरच जुना साठा विरघळत राहतो, आणि तो विरघळायला वर्षं लागतात. गोळी थांबली की आकडा आठवडा-दोन आठवड्यांत मूळ जागी जातो, दुखत मात्र लगेच नाही, परत साठायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तेवढ्यात माणसाला वाटतं बरं झालो. तुमच्या मिस्टरांचं नेमकं तेच झालंय, तारखा जुळवून बघा.

माझ्या स्वतःच्या मामांनी अकरा वर्षं फक्त पेनकिलरवर काढली. अ‍ॅटॅक आला की चार दिवस गोळ्या, उतरला की नातवाबरोबर मैदानावर, पुढचा आला की परत. मी तेव्हा शिकत होते, मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि कळायला लागलं तेव्हा त्यांचं क्रिएटिनिन साडेतीन होतं. अ‍ॅलोप्युरिनॉल हे काही कालचं औषध नाही हो, गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्स यांच्या प्रयोगशाळेतलं, अमेरिकेत १९६६ पासून मिळतंय, त्या दोघांना १९८८ चं नोबेलही मिळालं. स्वस्त गोळी आहे. ती मामांपर्यंत कधी पोचलीच नाही.

आणि नुसतं समजावून सांगण्याने किती फरक पडतो ते बघा. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला. पाचशेच्या वर गाउटचे पेशंट, निम्मे नेहमीसारखे आपापल्या डॉक्टरांकडे, निम्म्यांना खास ट्रेनिंग दिलेल्या नर्सनी बघितलं. नर्सनी काय केलं? आजार काय आहे ते बसून सांगितलं, त्यांचे गैरसमज ऐकून घेतले, डोस हळूहळू वाढवला, फोन करून विचारलं. दोन वर्षांनी नर्सवाल्या गटात ९५ टक्के लोकांचा आकडा ध्येयाखाली होता, दुसऱ्या गटात ३० टक्के. मिळण्यासारखी औषधं दोन्हीकडे तीच. हे आकडे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते. तालुक्याच्या दवाखान्यातली सिस्टर, आशाताई, ओळखीचा केमिस्ट, यांच्यापैकी कुणालाही हे शिकवता येईल.

सावधगिरी दोन-तीन. अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ, ताप, तोंडात किंवा डोळ्यात फोड आले तर त्याच दिवशी गोळी बंद आणि दवाखाना, हा प्रकार क्वचित होतो पण जीवघेणा आहे. अ‍ॅझाथायोप्रीन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेणाऱ्यांनी अ‍ॅलोप्युरिनॉल सांगितल्याशिवाय कधीच घेऊ नये. फेबुक्सोस्टॅटबद्दल, आधीच हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांशी बोला, अमेरिकेत २०१९ मध्ये त्यावर इशारा छापायला लावलाय, जरी २०२० च्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासात जास्तीचा धोका दिसला नाही.

मी ऑकलंडला नर्स आहे, मूळची सोलापूरची. इथल्या वॉर्डात जितका गाउट बघते तितका सिव्हिलला ट्रेनिंग करताना कधी बघितला नव्हता. माओरी (इथले मूळ रहिवासी) आणि पॅसिफिक बेटांवरची सामोअन-टोंगन तरुण पोरं पंचविशीत गाठी घेऊन येतात. इथलेच काही सहकारी म्हणतात, खाणंपिणं तसंच आहे त्यांचं. खरं का?

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण हा प्रश्न विचारणारी नर्सच पेशंटला वाचवते. न्यूझीलंड हा जगात गाउट सगळ्यात जास्त असलेल्या देशांपैकी एक. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य नोंदींवरून काढलेल्या २०१२ च्या हिशेबात पासष्टीच्या पुढच्या माओरी आणि पॅसिफिक पुरुषांत तिघांतल्या एकापेक्षा जास्त जणांना गाउट निघाला. लवकर सुरू होतो, अनेक सांध्यांत असतो, गाठी लवकर येतात, किडनी आणि शुगर सोबत असतात, तुम्ही जे बघताय ते हेच.

खाणंपिणं हे उत्तर फार तोकडं आहे. किडनी आणि आतड्यातून युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकणाऱ्या एबीसीजी२ सारख्या जीन्समधले काही बदल पॅसिफिक लोकांत जास्त आहेत. तुमच्याच देशातल्या ओटागो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये दाखवलं की रक्तातल्या युरिक अ‍ॅसिडमध्ये माणसामाणसांत जो फरक असतो त्यातला जवळजवळ २४ टक्के नेहमीच्या जीन्समधल्या फरकांनी समजतो आणि एकूण आहाराच्या दर्जाने ०.३ टक्केसुद्धा नाही. तो अभ्यास युरोपीय वंशाच्या अमेरिकन लोकांवर होता हे लक्षात ठेवा, पण दिशा स्पष्ट आहे. ज्याच्या आज्याला, बापाला होतं त्या पोराला 'तू बिअर पितोस' म्हटलं की तो मान खाली घालतो आणि पुढच्या वेळी येतच नाही, घरी बसून पेनकिलर खातो. तुम्ही त्याला म्हणा, हे तुझ्या घराण्यातून आलंय, यावर रोजची गोळी आहे, रक्त तपासत राहू. तुमच्याकडे आकडा वेगळ्या मापात येतो, ०.३६ मिलिमोल म्हणजे आपले ६, गाठी असतील तर ०.३० म्हणजे ५. पहिल्या महिन्यांच्या भडक्याबद्दल वर ठाण्याच्या ताईंना लिहिलंय ते त्यालाही सांगा.

वातरक्त म्हणजेच गाउट का? आमचे वैद्य तसं म्हणतात. (सांगली)

वर्णन खूप जुळतं, पायाच्या मुळाशी सुरुवात, मग हात, मग सगळीकडे पसरणं. चरकसंहितेत त्याचं एक नाव आढ्यवात असंही दिलंय, आढ्य म्हणजे श्रीमंत, पैसेवाल्यांचा वात. पण वातरक्तात इतरही आजार बसतात, त्यामुळे सरसकट समीकरण मांडू नका. वैद्यांकडून पथ्य, पाणी, वजन यावर मार्गदर्शन जरूर घ्या, फक्त दर तीन महिन्यांनी युरिक अ‍ॅसिड आणि क्रिएटिनिन करा आणि दोघांनाही दाखवा. श्रीमंतांचाच आजार मात्र राहिला नाही, चंद्रपूरचं पत्र वर वाचलंत.

टीबीची औषधं सुरू होऊन पाच आठवडे झाले, खांदे-गुडघे-घोटे दुखतात, युरिक अ‍ॅसिड ११. शेजारचे म्हणतात गोळ्या बंद कर, सांधे जातील. (मालेगाव)

टीबीच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. सुरुवातीच्या दोन महिन्यांत जे पायराझिनामाइड असतं ते किडनीतून युरिक अ‍ॅसिड बाहेर पडूच देत नाही, त्यामुळे जवळजवळ सगळ्यांचाच आकडा चढतो, काहींचे सांधे दुखतात, आणि ते औषध थांबलं की आकडा आपोआप खाली येतो. तो आकडा उतरवायला वेगळी गोळी सहसा लागत नाही. दुखण्यासाठी साधी गोळी काय घ्यायची ते तुमच्या टीबी केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा, त्यांना हा त्रास रोजचा आहे. एखादा सांधा लाल होऊन टम्म सुजला, किंवा डोळे पिवळे झाले, उलट्या होतायत, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा. पायराझिनामाइडचे तुमचे तीन आठवडे राहिलेत.